कोरडा दिवस

आई पहिल्यांदा न्यू जर्सीला आली तेव्हा तिचा खरा दिवस संध्याकाळी साडेसहाला सुरू व्हायचा. दिवसभर खिडकीतून रिकामा रस्ता बघून ती कंटाळायची. मागच्या डेकवर खुर्ची टाकून बसली, की कुंपणापलीकडच्या आजी हात हलवायच्या. एकीचं मोडकं इंग्रजी आणि दोघींच्या खाणाखुणा, पण गप्पा तासभर चालायच्या.

जुलै लागला आणि डासांनी तिला घरात कोंडलं.

मी सिट्रोनेलाच्या चार मेणबत्त्या आणून डेकच्या चार कोपऱ्यांत लावल्या. आई वास घेऊन म्हणाली, "अगं, हा तर आपला गवती चहा!" तिचं नाक चुकलं नव्हतं. सिट्रोनेलाचं तेल ज्या गवतापासून काढतात, ते गवती चहाचंच भावंडं. पण डासांना त्या वासाचं काही सोयरसुतक नव्हतं. रात्री आईच्या पायांवर गांधी उठल्या होत्या. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "तुम्ही बसा बाहेर, मी आतच बरी." ते वाक्य मला फार लागलं.

मग मी जरा वाचलं. २०१७ साली न्यू मेक्सिकोतल्या विद्यापीठात संशोधकांनी डासांवर अशी मेणबत्ती तपासली होती. तिचा काहीही उपयोग दिसला नाही. आमच्याकडचे डास काळ्या अंगावर पांढरे पट्टे असलेले, 'आशियाई टायगर' जातीचे. १९८५ मध्ये टेक्सासात त्यांनी बस्तान बसवलेलं आढळलं. म्हणजे तेही आपल्यासारखेच, आशियातून येऊन इथे रुळलेले! साचलेलं वाटीभर पाणी त्यांना पुरतं.

ते पाणी आईनेच शोधलं. सकाळी झाडांना पाणी घालताना तिने मला हाक मारली. माझ्या लाडक्या गवती चहाच्या कुंडीखालच्या ताटलीत अळ्या वळवळत होत्या. "शाळेत पोरांना काय शिकवायचीस गं?" एवढंच तिने विचारलं.

मी गप्प. दर पावसाळ्यात मीच फळ्यावर लिहायचे, 'आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा.' पिंप, कूलर, टायर, कुंड्या, सगळं मुलांकडून पाठ करून घ्यायचे. इथे मात्र मेणबत्त्या विकत आणत होते आणि ताटलीत डास पाळत होते. अमेरिकेत कसले डास, असा कुठेतरी समज असणार.

त्या दिवशी ताटल्या, बादल्या, लेकीची खेळण्यातली घमेली, सगळं पालथं केलं. डेकवर उभा पंखा लावला. डासाला वाऱ्यात धड उडता येत नाही. आईच्या हातापायांना डासांचं मलमही लावलं. पंधरा दिवसांत तिची खुर्ची पुन्हा बाहेर आली आणि सप्टेंबरअखेर, ती परत जाईपर्यंत तिथेच राहिली.

मेणबत्ती मी अजूनही लावते, पण केवळ त्या वासासाठी. आमचा कोरडा दिवस रविवार. त्याच दिवशी आईचा फोन येतो आणि तब्येतीच्याही आधी ती विचारते, "ताटल्या ओतल्यास का?"