खांदमळणीचा फोटो

दारव्हा,
पोळ्यानंतरचा आठवा दिवस

प्रिय बाळा,


पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी तू काढलेला खांदमळणीचा फोटो आज दुकानातल्या मोठ्या पडद्यावर लावून पाहिला. हळद-लोणी लावलेलं पळसाचं पान, त्यावर चार बोटं आणि बोटांखाली बैलाच्या खांद्यावरचा जुवाचा घट्टा. चेहरा कुणाचाच नाही, तरी वर्षभराचं राबणं त्यात आलं आहे. चाळीस वर्षं स्टुडिओ चालवला, दर पोळ्याला तोरणाखालच्या सजलेल्या जोड्या टिपल्या. आदल्या दिवशीच्या गोठ्यात मात्र कधी शिरलो नाही. तू शिरलास, याचा फार आनंद झाला.

तू विचारलंस, मामा, हे सगळे फोटो लोकांना बघता येतील असे कुठे ठेवू? इन्स्टाग्राम पुरे, की फ्लिकर, की स्वतःचं संकेतस्थळ काढू? फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितो आहे.

हल्ली दुकानात नवा फोटो काढायला येणाऱ्यांपेक्षा जुना शोधायला येणारेच जास्त. "बाप गेला, घरात एक फोटो नाही. त्या लग्नात तुम्हीच होते ना जी?" मी साल विचारतो, गाव विचारतो आणि लिफाफा काढून देतो. लिफाफ्यावर पेन्सिलीने तारीख, गाव आणि आडनाव लिहिलं आहे म्हणूनच तो सापडतो. ज्यांवर लिहायचं राहिलं, त्यांतल्या निगेटिव्ह कितीही सुरेख असोत, कुणाच्या कामी आल्या नाहीत. मोतीबाग स्टेशनावरचा माझा शकुंतला रेल्वेचा फोटो तू पाहिला आहेस. तिचं वाफेचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं. १५ एप्रिल १९९४ ला त्याची जागा डिझेल इंजिनाने घेतली. माझ्या लिफाफ्यावर 'जानेवारी ९४' आहे. त्या दोन शब्दांमुळे तो वाफेच्या शेवटच्या हिवाळ्याचा पुरावा झाला, नाहीतर धुराचा एक चांगला फोटो एवढंच राहिलं असतं. आता ती गाडीही आपल्या स्टेशनात येत नाही.

म्हणून जागा निवडताना आधी हे बघ, की फोटोसोबत त्याची हकीकत राहते का. मराठीत, हवी तितकी लांब, आणि शोधल्यावर सापडेल अशी.

माझ्यावर गुदरलेलं तुला कधी सांगितलं नव्हतं. २००८ च्या सुमारास मी शेकडो जुने फोटो स्कॅन करून एका फुकट जागेवर चढवले. दुपारी दुकानात म्हातारी माणसं येऊन बसायची, एकेका चेहऱ्यावर बोट ठेवून सांगायची, हा अमक्याचा थोरला, ही त्याची दिलेली बहीण. ती नावं मी थेट तिथेच टाइप करत गेलो, वहीत उतरवली नाहीत. पुढे ती जागा बंद झाली. आधी कळवणारा मेल आला होता, पण त्या पत्त्यावरचे मेल मी उघडत नव्हतो. निगेटिव्ह होत्या, फोटो पुन्हा स्कॅन केले. नावं गेली ती गेलीच, आणि सांगणाऱ्यांपैकी आज कुणी उरलं नाही. अजून रुखरुख लागते रे.

असं होतच असतं. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं, पिकासाचे अल्बम २०१६ मध्ये गेले, गुगल प्लस २ एप्रिल २०१९ ला. फ्लिकरने २०१३ मध्ये एक टेराबाइट जागा फुकट दिली होती. २०१८ मध्ये स्मगमगने ती कंपनी घेतली आणि त्यानंतर फुकट खात्याला हजार फोटोंची मर्यादा आली. घरमालकाला घर विकायचा हक्क असतोच. भाडेकरूने सामान कधीही बांधून निघता येईल असं ठेवावं.

इन्स्टाग्राम सोडू नकोस, ओळखी तिथेच होतात. पण तुझा सहा हजार पिक्सेल रुंदीचा फोटो तिथे एक हजार ऐंशीवर येतो आणि दोन दिवसांत खाली सरकतो. ती चौकातली पाटी समज. फ्लिकरवर दुसऱ्या फोटोग्राफरांची नजर मिळते, ते शिकायला चांगलं. मुक्काम मात्र स्वतःच्या नावाच्या पत्त्यावर कर, आणि तिथे वर्डप्रेस बसव. ते २००३ पासून आहे, मुक्त सॉफ्टवेअर आहे, आणि एका कंपनीच्या सर्व्हरवरून दुसऱ्या कंपनीकडे बिऱ्हाड हलवलं तरी पत्ता तोच राहतो. पत्ता .भारत लावून देवनागरीतही घेता येतो, ती सोय २०१४ पासून आहे. फक्त तो मक्त्याच्या वावरासारखा असतो, मुदतीत पैसे भरले नाहीत तर दुसरा घेतो. आणि मूळ फाइलींची एक डिस्क तुझ्याकडे, एक माझ्याकडे, हे ठरलेलंच.

विकिमीडिया कॉमन्सबद्दल तू उत्साहाने बोलत होतास. स्टेशन, देवळं, बाजाराची इमारत तिथे जरूर दे, मराठी विकिपीडियालाही ती चित्रं वापरता येतील. पण तिथे दिलेला फोटो कुणीही, अगदी धंद्यासाठीही वापरू शकतो, आणि दिलेली परवानगी मागे घेता येत नाही. म्हणून माणसांचे चेहरे तिथे देऊ नकोस. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात बाहेरचे कॅमेरे शेतकऱ्यांच्या आत्महत्यांसाठी आले, ते तुला माहीत आहे. कापसाने बुडवलेल्या घराच्या ओट्यावर बसलेली बाई, मांडीवर गेलेल्या नवऱ्याचा फोटो. तिची मुलगी आज कॉलेजात जात असेल. उद्या तिने म्हटलं, माझ्या आईचा तो फोटो काढून टाका, तर कुणाला म्हणायचं? तुझ्या फोटोतल्या माणसाला तुझ्यापर्यंत येता आलं पाहिजे, आणि तुला तो फोटो उतरवता आला पाहिजे. माझ्या मते बाकी सोयी याच्यानंतर.

आता काम. ती चार बोटं ज्यांची, ते काल दुकानात आले होते. फोनवर फोटो दाखवला. बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "हा डावीकडला सरदार आहे जी. मोठा करून द्या, घरात लावतो." बैलाचं नाव तुझ्या मजकुरात नाही, ते घाल. आणि फोटो लोकांसमोर ठेवू का, हे मी त्यांना विचारलं आहे. मुलाशी बोलून सांगतो म्हणाले, तोवर थांब. छपाईसाठी मला मूळ फाइल हवी. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवू नकोस, लहान होतो आणि आतली तारीखही पुसली जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठव. बारा बाय अठराचा काढतो, फ्रेम मी बघतो.

ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा