धडधाकट असताना

क्रिस बोरलंडला कुणी काढलं नव्हतं. ओहायोतल्या केटरिंगचा हा मुलगा २०१४ साली सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्स संघात आला, पहिल्याच सीझनमध्ये शंभरावर टॅकल करून त्यानं आपली जागा पक्की केली आणि मार्च २०१५ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, कळवून टाकलं की मी आता खेळणार नाही. पुढं मेंदूचं जे होऊ शकतं, ते त्याला पत्करायचं नव्हतं. करारावर सही करताना त्याला सहा लाख सतरा हजार डॉलर बोनस मिळाला होता. त्यातला पाऊण हिस्सा परत करायला तो तयार झाला.

मी मूळचा कोल्हापूरचा. फुटबॉल म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढं शाहू स्टेडियम येतं, पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळाची मॅच आणि मुंगी शिरायला जागा नाही अशी गर्दी. अमेरिकेतला फुटबॉल हा निराळाच खेळ. चेंडू लंबगोल, तो बहुतेक वेळ हातात, आणि एकेक डाव काही सेकंदांचा. तेवढ्या वेळात सव्वाशे-दीडशे किलोची माणसं एकमेकांवर आदळतात, शिट्टी होते, सगळे उठतात आणि पुन्हा रांगेत उभे राहतात. बोरलंड लाइनबॅकर होता. चेंडू घेऊन पळणाऱ्याला आडवं करायचं, हे त्याचं काम. धडक देण्याचाच त्याला पगार मिळायचा.

२०१४च्या सराव शिबिरात अशाच एका धडकेनंतर डोक्याला मार बसल्याचं त्याचं त्याला जाणवलं. संघात निवड व्हायची होती, म्हणून तो बोलला नाही, तसाच खेळत राहिला. पण त्या दिवसापासून तो वाचायला लागला. सीझन चालू असतानाच वाचत राहिला, या विषयातल्या संशोधकांना गाठलं, माजी खेळाडूंचं काय झालं ते समजून घेतलं. मला त्याच्याबद्दल सर्वांत जास्त आदर वाटतो तो इथं. अंगात रग असताना, हजारो लोक नावानं ओरडत असताना, स्वतःच्या पन्नाशीचा विचार शांतपणे करणारा पोरगा मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

त्यानं जे वाचलं असेल त्याची सुरुवात पिट्सबर्गमध्ये होते. माइक वेबस्टर हा पिट्सबर्ग स्टीलर्सचा दैवतासारखा सेंटर, चार सुपर बोल जिंकलेला. २००२ मध्ये तो पन्नासाव्या वर्षी गेला. शेवटच्या काळात या माणसाचं कशावरच चित्त लागत नव्हतं, पैसा संपला होता, कित्येक रात्री तो गाडीत झोपून काढायचा. शवविच्छेदन केलं बेनेट ओमालू या नायजेरियातून आलेल्या डॉक्टरनं. त्याला या खेळातलं काही कळत नव्हतं आणि वेबस्टर कोण हेही माहीत नव्हतं. मेंदू बाहेरून अगदी निरोगी दिसत होता. तिथंच थांबता आलं असतं. ओमालूनं तो जपून ठेवला, त्याचे पातळ काप करवून घेतले, आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्याला टाऊ नावाच्या प्रथिनाच्या गुठळ्या दिसल्या. मुष्टियोद्ध्यांच्या मेंदूत पूर्वी सापडायच्या, तशा. २००५ मध्ये त्यानं हे प्रसिद्ध केलं, तेव्हा अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉल लीगच्या समितीतल्या डॉक्टरांनी तो लेख मागं घ्यायची मागणी केली. हा खेळ आणि मेंदूचा हा आजार यांचा संबंध आहे, हे लीगच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याच्या तोंडून निघायला २०१६ साल उजाडावं लागलं.

हेल्मेट कवटी वाचवतं. मेंदू मात्र आत द्रवात तरंगत असतो. वाळलेला नारळ कानाशी धरून हलवला की आतला सुटा गोटा करवंटीवर आपटताना कळतो, तसा पळता माणूस एकदम थांबला की मेंदू आतून कवटीवर आदळतो. ज्या धडकेनं माणूस बेशुद्ध पडतो, ती सगळ्यांना दिसते. संशोधकांना जास्त काळजी आहे ती बारीक धडकांची. चक्कर नाही, उलटी नाही, खेळाडू लगेच उठतो, आणि असं एका सीझनमध्ये शेकडो वेळा होतं. आजार उगवतो तो कित्येक वर्षांनी, विसरण्यातून, रागातून, उदासीतून, आणि घरच्यांना वाटतं की स्वभाव बदलला.

जिवंत माणसात या आजाराचं खात्रीचं निदान करता येत नाही. ते मेल्यावरच होतं. २०१७च्या जुलैमध्ये बोस्टनच्या डॉ. अ‍ॅन मकी यांच्या गटानं माजी व्यावसायिक खेळाडूंचे १११ मेंदू तपासल्याचं जाहीर केलं, त्यांतल्या ११० मध्ये आजार होता. हे मेंदू बहुधा ज्यांच्या घरच्यांना आधीच शंका होती त्यांचे, त्यामुळे सगळ्या खेळाडूंना हे प्रमाण लावता येणार नाही, हे संशोधकांनीच सांगितलं. तरी ११० हा आकडा ११०च आहे. दोनच दिवसांनी बाल्टिमोर रेव्हन्सचा जॉन अर्शेल सव्विसाव्या वर्षी निवृत्त झाला. पूर्णवेळ अभ्यास आणि घरी येऊ घातलेलं बाळ, असं त्यानं कळवलं. हा गृहस्थ खेळता खेळता एमआयटीत गणितात पीएचडी करत होता. २०१५ मध्ये सरावात डोक्याला मार बसला, त्यानंतर काही काळ वरच्या पातळीचं गणित सुचेना, हे त्यानं स्वतःच सांगितलं आहे. २०२१ मध्ये त्याची पीएचडी पुरी झाली.

हे सगळं लांबच्या बातमीसारखं होतं, ते २०१९च्या उन्हाळ्यात आमच्या जेवणाच्या टेबलावर आलं. आम्ही तेव्हा इंडियानातल्या कोलंबसमध्ये राहत होतो. पुण्याहून कमिन्स कंपनीच्या कामासाठी तिथं आलेली मराठी घरं पुष्कळ, त्यातलंच आमचं एक. मुलगा नववीत जाणार होता आणि त्याला शाळेच्या फुटबॉल संघात जायचं होतं. फॉर्मला एक जास्तीचा कागद होता, डोक्याला मार बसल्याची लक्षणं सांगणारा. डोकेदुखी, मळमळ, अंधुक दिसणं, उजेड सहन न होणं. खाली दोन सह्या, एक मुलाची आणि एक पालकांची. मुलगा यादीवर बोट ठेवून वाचत होता. मध्येच थांबून म्हणाला, “बाबा, ‘काहीतरी ठीक नाही असं वाटणं’ हेपण लक्षण आहे. ते तर मला कधीही वाटतं.” त्याच्या आईनं कागद स्वतःकडे ओढून घेतला. त्या रात्री सही झाली नाही. पुढच्या आठवड्यात तोच येऊन म्हणाला की मी क्रॉस-कंट्रीत धावतो. आम्ही दोघांनी सुटकेचा श्वास घेतला, त्याच्या समोरच.

त्याच ऑगस्टच्या २४ तारखेला, शनिवारी रात्री, आमच्या इंडियानापोलिस कोल्ट्सचा क्वार्टरबॅक अँड्र्यू लक निवृत्त होत असल्याची बातमी फुटली. सराव सामना चालू होता आणि तो साध्या कपड्यांत मैदानाच्या कडेला उभा होता. मॅच संपल्यावर तो आत जायला निघाला, तेव्हा आपल्याच लोकांनी त्याची हुर्यो उडवली. वय २९. बरगड्यांजवळच्या कूर्चा फाटलेल्या, पोटाचा स्नायू फाटलेला, मूत्रपिंडाला जखम होऊन लघवीतून रक्त गेलेलं, चेंडू फेकायच्या हाताच्या खांद्यावर शस्त्रक्रिया झालेली, शिवाय डोक्याला मार. २०१७चं पूर्ण वर्ष बाहेर बसून हा माणूस परत आला होता, २०१८ मध्ये संघाला प्लेऑफमध्ये घेऊन गेला होता, आणि आता घोटा-पोटरीचं नवं दुखणं सुरू झालं होतं. आपल्याला आडवं करणाऱ्या प्रतिस्पर्ध्याला “मस्त मारलंस” म्हणणारा खेळाडू म्हणून सगळी लीग त्याला ओळखायची. त्या रात्री पत्रकारांसमोर तो दुखापत, वेदना, उपचार आणि पुन्हा दुखापत या चक्राबद्दल बोलला आणि बोलताना त्याचा आवाज दाटून आला. हुर्यो लागली, हेही त्यानं लपवलं नाही. मी ते टीव्हीवर बघत होतो. तिकीट काढलं म्हणून त्या शरीरावर आपला हक्क आहे, असं इतक्या हजार लोकांना एकाच वेळी वाटावं, याचा मला त्या रात्री फार राग आला आणि तो अजून गेलेला नाही.

आपला गोल चेंडूचा खेळ यातून सुटलाय असं मानायचं कारण नाही. २०१९ मध्येच ग्लासगोच्या संशोधकांनी स्कॉटलंडच्या सात हजारांवर माजी व्यावसायिक खेळाडूंच्या नोंदी तपासल्या. मेंदूच्या झिजेच्या आजारांनी मरण्याचं प्रमाण त्यांच्यात इतरांच्या साडेतीन पट होतं. पुढं बचावफळीतल्या खेळाडूंमध्ये धोका सर्वांत जास्त आढळला, गोलरक्षकांमध्ये तसा वाढलेला दिसला नाही. चेंडू डोक्यानं कोण मारतं, हे कोल्हापुरात शेंबडं पोरगंही सांगेल. माझा चुलतभाऊ पेठेच्या संघात डिफेन्सला होता, हेडिंगला एक नंबर. पावसात भिजून जड झालेला चेंडूही तो कपाळावर घ्यायचा आणि आम्ही कडेनं ओरडायचो. आज तो ठणठणीत आहे. पण फोनवर एखादी गोष्ट दुसऱ्यांदा सांगू लागला की मी सावध होऊन ऐकतो.

कोलंबसमध्ये त्या शरद ऋतूत शाळेच्या फुटबॉलच्या शुक्रवारच्या एका मॅचला माझ्या शेजारी मुलाच्या वर्गमित्राची आई बसली होती. कृष्णवर्णीय, एकटीनं दोन मुलं वाढवणारी, पाळी संपवून थेट मॅचला आलेली. मी बोलता बोलता त्या कागदाचं काढलं. ती म्हणाली, सगळं वाचून सही केलीय, त्याच्या कॉलेजचे पैसे या मैदानातूनच येणार आहेत. तिला सांगण्यासारखं माझ्याकडे काहीच नव्हतं. बोरलंडकडे विस्कॉन्सिन विद्यापीठाची पदवी होती. लकनं सोडलं तोवर त्याची कमाई दहा कोटी डॉलरच्या घरात गेली होती. थांबण्याचं धैर्य दोघांनी स्वतःचं आणलं, पण थांबल्यावर पाय टेकायला जमीन होती. लीगमधले पुष्कळ खेळाडू या बाईच्या घरासारख्या घरांतून येतात. त्यांच्याशी लीग कशी वागली याचा एक दाखला पुरे आहे. माजी खेळाडूंना भरपाई देण्याची जी तडजोड २०१५ मध्ये न्यायालयानं मान्य केली, तिच्यातल्या चाचण्यांत कृष्णवर्णीय माणसाची बुद्धी मुळातच कमी धरायची मुभा होती. म्हणजे तितकंच नुकसान होऊनही ते सिद्ध करणं त्याला जास्त अवघड. ही पद्धत बंद करायचं ठरलं ते २०२१ मध्ये, दोन माजी खेळाडू कोर्टात गेल्यावर.

तीन सीझन पुरे केलेल्या खेळाडूला निवृत्तीनंतर पाच वर्षं लीगचा आरोग्य विमा मिळतो. आजार येतो वीस-तीस वर्षांनी. बोरलंड एकच सीझन खेळून उठला, तो तर या हिशेबात बसतच नाही. आपला निर्णय बरोबर होता की नाही हे दाखवणारी कुठलीही तपासणी आज त्याच्यासाठी नाही, आणि ते ठाऊक असूनच त्यानं निर्णय घेतला. शेजारी बसलेल्या त्या बाईच्या मुलाला उद्या तसंच उठावंसं वाटलं, तर कॉलेजची शिष्यवृत्ती तशीच चालू राहायला हवी आणि विमा त्या आजाराच्या वयापर्यंत पोचायला हवा. लीगकडे पैशाची कमतरता कधीच नव्हती.