पिस्टनला तेल नाही

भाची एनसीसीच्या कॅम्पवरून आली. तिचा खाकी शर्ट भिजवायला घेतला, तर बाहीला तो वास. रायफलचं तेल, जळलेल्या दारूची काजळी आणि घाम. आप्पांना जाऊन बरीच वर्षं झाली, त्यांचे कपडे कधीच वाटून टाकले. तरी माझा हात बादलीवर थबकला.

"आत्या, एसएलआर खोलायला शिकवली आम्हाला," ती आतून ओरडली.

"पिस्टनला तेल नाही ना लावलंस?"

"सगळ्यालाच लावलं. का?"

का, ते सांगायला आप्पाच हवे होते. ते लष्कराच्या ई.एम.ई.त आर्मरर होते, म्हणजे हत्यारं तपासून दुरुस्त करणारे. गावाकडं सुट्टीवर आले की लढाईच्या गोष्टी ऐकायला माणसं जमत आणि निराश होऊन उठून जात. त्यांच्या गोष्टींत शत्रू नसेच. गंज, वाळू, काजळी आणि तपासणीला येणारे साहेब, एवढीच पात्रं.

मला मात्र एकच प्रसंग पुन्हा पुन्हा आठवतो. १५ ऑक्टोबर, ई.एम.ई.चा स्थापना दिवस. सिकंदराबादला त्या दिवशी आम्हा घरच्यांनाही हत्यारं बघायला मिळाली. टेबलावर कांबळं अंथरून त्यावर एसएलआर मधोमध उघडून ठेवलेली. आप्पांनी मला स्टुलावर चढवलं, नळी उजेडाकडं धरली आणि मागून डोळा लावायला सांगितलं. आत प्रकाशाची कडी, एकामागं एक, आणि त्यांच्यावरून उजवीकडं वळत गेलेल्या सहा खाचा. मी डोळा काढेनाच. आप्पा कानाशी येऊन म्हणाले, "लांबचं बघू नगंस. डोळ्याजवळचं बघ. राखाडी दिसतंय का?"

दिसत होतं. पुढं सगळी नळी लखलखीत आणि सुरुवातीलाच एक मळकट पट्टा. उन्हाळ्यात तळ्याचा चिखल तडकतो तसं बारीक जाळं तिथं पडलेलं असतं, हे मला फार पुढं कळलं. नळी गोळीच्या घासण्यानं झिजते असं वाटतं, पण तिला खातो तो गोळीमागचा वायू. चेंबर संपून खाचा सुरू होतात तिथं उष्णता सगळ्यांत जास्त. पोलादाचा वरचा पातळ थर क्षणात तापतो, क्षणात निवतो, आणि हजारो फैरींनंतर त्याला भेगा पडतात. नळी सारखी तापू न देणं हाच उपाय, आणि तोही झीज लांबवण्यापुरता.

याच वायूचा थोडा हिस्सा नळीच्या वरच्या भोकातून पिस्टनवर येतो. पिस्टन कॅरियरला, म्हणजे चेंबर बंद करणारा ब्रीच ब्लॉक वाहणाऱ्या भागाला, मागं ढकलतो, रिकामी केस बाहेर फेकली जाते, आणि दस्त्यातल्या स्प्रिंगा कॅरियरला पुन्हा जागेवर आणतात. घसरणाऱ्या भागांना तेल हवंच. पिस्टन, त्याचा सिलिंडर आणि गॅस प्लग मात्र कोरडे ठेवायचे. तिथलं तेल जळतं, काजळीत मिसळून थापलं जातं, आणि मग पिस्टन अडतो. पिस्टन अडला की रेग्युलेटर, म्हणजे पिस्टनवर किती वायू यावा ते ठरवणारी कडी, आवळायची घाई होते. आप्पांचा खरा वाद इथं असायचा. रेग्युलेटर आधी रायफल अडेल इतका सैल करायचा, मग एकेक टिक आवळत जायचं, चालायला लागली की वर आणखी दोन टिका, आणि बास. पण अडायची भीती घेतलेला जवान तो पार आवळून टाकी. रायफल झकास चालते, फक्त कॅरियर दर फैरीला गरजेपेक्षा जोरात मागं आदळतो. फायरिंग रेंजवर आप्पा टार्गेटकडं बघायचेच नाहीत म्हणे. रिकाम्या केसेस किती लांब पडल्यात ते बघायचे.

इथं इतिहास मध्येच घुसतो. आप्पांनीही तो असाच घुसवला होता, ऐन जेवताना, भाकरी हातात धरून. १९६२ साली चीनपुढं आपले जवान थ्री-नॉट-थ्री घेऊन उभे राहिले, दर फैरीला हातानं बोल्ट ओढत. त्यानंतर ईशापूरच्या कारखान्यातून एसएलआर, म्हणजे स्वतःच भरणारी रायफल, येऊ लागली. मूळ रचना बेल्जियममधल्या हर्स्टालच्या दियुदोने सेव्ह या माणसाची. दुसऱ्या महायुद्धात तो इंग्लंडला निघून गेला होता. त्याचा पहिला नमुना छोट्या जर्मन काडतुसासाठी होता. पुढं अमेरिकेनं आपला ७.६२चा हट्ट सोडला नाही, म्हणून रायफल दांडगी झाली. भारतीय आवृत्ती पुण्याच्या आर्मामेंट रिसर्च अँड डेव्हलपमेंट एस्टॅब्लिशमेंटनं परदेशी नमुने अभ्यासून बसवली आणि दस्त्याला चक्क जुन्या थ्री-नॉट-थ्रीची बट-प्लेट लावली. तिला झाकण, झाकणाआड तेलाची बाटली आणि पुल-थ्रू, म्हणजे नळी साफ करायची दोरी. "नवी नवरी, पण डबा सासूचाच," असं म्हणून आप्पा हसले आणि आईनं ताटात आमटी जरा जोरातच वाढली.

त्या पुल-थ्रूला अडकवायची चिंदी साफसफाईसाठी चार इंच बाय दोन, तेलासाठी चार बाय दीड. अर्धा इंच कमी का, तर ती अडू नये आणि तेल पुसून न काढता पसरावं. दोरी ओढायची ती सरळ. तिरकी ओढली की दोरीला चिकटलेली वाळू नळीचं तोंड घासते, आणि गोळीचा नळीशी शेवटचा संबंध त्याच कडेशी येतो. "दोरी तिरकी वढली की तोंडाला खाती," आप्पा म्हणायचे. एकही फैर न झाडता, नुसती रोज साफ करून रायफल बिघडवता येते. मला हे लहानपणी खोटं वाटायचं.

आणि इथं माझा जुना राग वर येतो. ज्या साहेबांना मी पाहिलंही नाही त्यांचा. पांढरा रुमाल फिरवून तपासणी करणारे साहेब. त्यांच्या भीतीनं पोरं आदल्या रात्री विटेची पूड घेऊन लोखंड घासत बसायची. पोलादावरचा काळा थर तेल धरून ठेवतो, गंज रोखतो. तोच खरवडून काढायचा आणि शाबासकी मिळवायची! आप्पांना चकाकी दिसली की संशय यायचा. "चमकतंय कुठं ते बघ. जिथं चमकाय नगं तिथं चमकलं, म्हंजी तिथं घासतंय." त्यांची निम्मी तपासणी या नजरेवरच चाले. स्प्रिंग थकली का हे बघायला जुनी आणि नवी शेजारी ठेवून उंची बघायची. केस चेंबरमध्येच राहायला लागली की एक्स्ट्रॅक्टरच्या नखाचा कोपरा उडालाय का ते बघायचं आणि त्याच्या स्प्रिंगवर शंका घ्यायची. फायरिंग पिनचं टोक जळलंय का, ते बोट फिरवून कळतं.

काडतूस बसल्यावर त्याच्या बुडामागं किती जागा उरते, ते मात्र नजरेला कळत नाही. त्यासाठी दोन गेज. एकावर ब्रीच ब्लॉक बंद झालाच पाहिजे, दुसऱ्यावर होताच कामा नये. झाला तर जागा वाढली, केस फाटण्याचा धोका. ब्लॉक ज्यावर टेकून दाब झेलतो तो लॉकिंग शोल्डर म्हणजे एक छोटा, वेगळा बसवलेला तुकडा. तो इंचाच्या हजाराव्या भागांच्या फरकानं वेगवेगळ्या मापांत मिळतो. झिजला की काढायचा, पुढच्या मापाचा ठोकायचा, रायफल पुन्हा मापात. आप्पा हे सांगताना सेव्हसाहेबांना मनापासून सलाम करायचे. झीज होणारच हे धरून चाललेला माणूस, म्हणायचे.

प्रत्येक रायफलचा इतिहास कागदावर असे: किती फैरी, कोणता भाग कधी बदलला. त्यांना बट नंबर तोंडपाठ, माझी इयत्ता मात्र दरवेळी विचारावी लागायची.

निवृत्तीनंतर ते तालुक्याच्या एका पतसंस्थेत पहारेकरी झाले. हातात दुनळी बारा बोअर. ती कधीच उडाली नव्हती, आणि तिचं दुखणं तेच होतं. नळीत गंजाचे ठिपके, घोड्याची स्प्रिंग आळसावलेली, लाकूड पावसाळ्यात फुगलेलं. आप्पांनी तेल आणि चिंदीसाठी अर्ज केला. व्यवस्थापक म्हणाले, "हवालदारसाहेब, ती वाजवायची थोडीच आहे? दिसली म्हणजे झालं." आप्पा त्यावर काही बोलले नाहीत. त्यांनी शाळेच्या दोनशेपानी वहीवर त्या बंदुकीचा नंबर टाकला आणि महिन्याच्या महिन्याला नोंद करायला लागले. फैरी: शून्य. नळी: साफ केली. तेल: दिले.

तेल कुठून दिलं ते वहीत नाही. त्याच वर्षी आईचं शिलाई मशीन कुरकुरायला लागलं. बाटली महिनाभरसुद्धा कशी पुरत नाही म्हणून ती दुकानदाराशी भेसळीवरून भांडून आली, आणि आप्पा ओट्यावर बसून पेपर वाचत राहिले.