डाव्या हाताचा आवाज

पखवाजाला दोन तोंडं असतात. उजव्या तोंडाला शाई असते ती कायमची. डाव्या तोंडाला भिजवलेली कणीक लावायची, ती दर वेळी ताजी, अन् वाजवून झालं की खरडून काढायची. या कणकेवर डाव्या हाताचा गुमारा उठतो. आमचा दादा साठ वर्षं झाली तीर्थपुरीत पखवाज वाजवतो. मी त्याच्यापेक्षा आठ वर्षांनी धाकटा. मला टाळाच्या पुढं काही जमलं नाही. दहावीपर्यंत शिकलो म्हणून सप्त्याच्या वर्गणीची वही मात्र माझ्याकडं आली, ती अजून माझ्याकडंच आहे.

तीन वर्षांमागं हनुमान जयंतीच्या सप्त्यात पाचव्या दिवशी कीर्तन उभं राहिलं आणि दादाचा डावा हात वर जाईना. खांदा धरला होता. अंबडच्या डॉक्टरनं सांगितलं, जोरात वाजवणं बंद करा. दादा म्हणाला, "हळू वाजवलं तर मागच्याला ऐकू येत नाही. मग वाजवायचं कशाला?"

त्याचं खरं होतं. आमच्या लहानपणी सप्ता म्हणजे मंदिराच्या ओट्यापुरता. माणसं जवळ बसायची, पखवाज हातानं वाजवला की शेवटल्या माणसापर्यंत जायचा. पुढं पत्र्याचा मंडप आला, भोंगा आला. भोंग्यातून बुवाचा शब्द वेशीपर्यंत जातो, पण जाड आवाज त्याला झेपतच नाही. पखवाजाची उजवी बाजू भोंग्यातून टणटण ऐकू यायची आणि डावी कुठंच नाही. ती भरून काढायला दादा जास्तीचं मारायचा. वीस-पंचवीस वर्षं असं मारून त्यानं खांदा घालवला, असं माझं मत आहे.

त्याच वर्षी पोरांनी विषय काढला. गेल्या खेपेला उभे दोन टॉप घेतलेच होते, आता खाली बेसच्या पेट्या घेऊ. वर्गणी जमली १ लाख १० हजार. त्यात ऊसवाल्यांचे पाच-पाच हजार होते आणि मंदिरामागं राहणाऱ्या एका म्हातारीचे ५१ रुपये. तिनं ते पदराच्या गाठीतून सोडून दिले. २०१२ च्या दुष्काळात माझी मोसंबीची बाग उभ्या उभ्या वाळली, तेव्हापासून मला दुसऱ्याच्या पैशाची भीती वाटते. वही माझ्याकडं, म्हणून खरेदीही मीच केली पाहिजे, असं ठरलं.

पुतण्याला घेऊन जालन्याला गेलो. दुकानदारानं दोन १८ इंची पेट्या दाखवल्या आणि त्यावर लग्नातलं गाणं लावलं. छातीत धडधडलं, काउंटरवरचा चहाचा कप हलला. पुतण्याचे डोळे चमकले. "तात्या, हेच घेऊ. दोन हजार वॅट आहे."

मी शेतकरी माणूस. मोटार किती एचपीची हे मी विचारतो, पण चर्‍हाटात पाणी किती पडतं ते आधी बघतो. दुकानदाराला विचारलं, "हे दोन हजार कायमचे का घडीभराचे?" तो हसला. म्हणाला, "काका, घडीभराचे. सतत चालायचे पाचशे." मग त्यानं आणखी एक आकडा दाखवला. एका वॅटला एक मीटरवर पेटी किती डेसिबल देते, तो. एक पेटी ९५ ची होती, दुसरी ९८ ची. फरक तीनचा दिसतो, पण आवाज तीन डेसिबलनं वाढवायला वॅट दुप्पट लागतात. म्हणजे दुसरी पेटी निम्म्या वॅटात तेवढंच बोलते. सप्त्यात लाईट गेली की आम्ही जनरेटरवर असतो. तिथं हा हिशोब डिझेलमध्ये मोजावा लागतो.

त्या दिवशी काही घेतलं नाही. पुतण्या रस्ताभर बोलला नाही. आठ दिवसांनी परत गेलो, पण या वेळी घरचा पखवाज, कणकेचा गोळा आणि मंदिरातला माईक बरोबर नेला. दुकानदाराला म्हणलं, "तुमचं गाणं नको. आमचा पखवाज ऐकवा." पुतण्या बसला, मी पेटीपासून लांब रस्त्याच्या कडेला उभा राहिलो.

१८ इंचीतून आवाज मोठा आला, पण पसरला. एक थाप विरायच्या आत दुसरी यायची, बोल एकमेकांत मिसळायचे. १५ इंचीतून थाप आली आणि थांबली. दुकानदार भला निघाला, त्यानंच उलगडून सांगितलं. १८ इंची वाईट नाही, दुसरी चांगल्या घडणीची असेल तर तीही स्वच्छ वाजते. पण ती घ्यायची ती चाळीस हर्ट्झच्या आणि त्याखालच्या आवाजासाठी, म्हणजे डीजेच्या गाण्यासाठी. पखवाजाचा गुमारा बराचसा त्याच्या वरच असतो. जो आवाज आपल्या वाद्यात नाहीच, त्याच्यासाठी पैसे कशाला मोजायचे? अँप्लिफायर आतच असलेल्या दोन १५ इंची पेट्या घेतल्या. वायरी, स्टँड धरून दहा हजार उरले. ते वहीत जमा केले.

पहिल्या संध्याकाळी मात्र आमची फजिती झाली. पोरांनी शोभेसाठी एक पेटी मंचाच्या डाव्या अंगाला, एक उजव्या अंगाला ठेवली. मधोमध बसलेल्याला बेस दणदणीत, चार पावलं बाजूला सरकलं की पोकळ. त्यात बुवांचा माईकही त्याच पेट्यांत सोडलेला. बुवा तोंड उघडायचे आणि रांजणात बोलल्यासारखं घुमायचं. एक शब्द कळेना. मागून कुणी तरी ओरडलं, "बंद करा ते." माझ्या हातात वही होती, मला ५१ रुपये आठवले.

रात्री मंडप रिकामा झाल्यावर आम्ही बसलो. पहिलं काम, दोन्ही पेट्या एके ठिकाणी, एकमेकीला चिकटवून जमिनीवर ठेवल्या. जवळ ठेवल्यानं त्यांचं बळ एक झालं आणि मधल्या पोकळ जागा गेल्या. दुसरं, मिक्सरवर ऑक्स नावाची वेगळी वाट असते. तिच्यातून फक्त पखवाजाचा माईक बेसला सोडला. बुवा, विणेकरी, गायक यांना टॉपमध्येच ठेवलं आणि त्यांच्या माईकचा खालचा आवाज कापणारं बटण दाबलं. दुसऱ्या दिवशी शब्द स्वच्छ आला आणि त्याच्या खाली पखवाज बसला.

तिसरी गोष्ट कुणी सांगितली नव्हती, ती म्हातारीनं सांगितली. पेट्या आम्ही मंदिराच्या मागच्या भिंतीला टेकवल्या होत्या, कारण भिंतीशी ठेवलं की आवाज फुकटात वाढतो. सकाळी ती आली. म्हणाली, "बाबा, रात्रभर भिताडातून माती गळत व्हती. भांडी वाजत व्हती." जाड आवाजाची लाट लांब असते. पन्नास हर्ट्झची एक लाट जवळजवळ सात मीटर भरते, म्हणजे तेवीस फूट. तिला विटामातीची भिंत काय अडवणार? शिवाय टॉपसारखा हा आवाज फक्त पुढं जात नाही, चहूकडं जातो, मागंही तेवढाच. आम्ही मात्र पुढंच बसलेलो.

पुतण्या म्हणाला, "तात्या, भिंतीपासून काढल्या तर आवाज कमी होईल."

दादा इतका वेळ गप होता. तो म्हणाला, "होऊ दे कमी. तिनं पैसे दिलेत, तिच्या भिंतीनं कशाला द्यावं?"

पेट्या दुसऱ्या अंगाला, मोकळ्या पटांगणाच्या बाजूला सरकवल्या. आवाज थोडा उतरला, तेवढाच राहू दिला. त्या रात्री दादा कीर्तनाला बसला. हात खांद्याच्या वर नेलाच नाही. मनगटातून, बोटांतून वाजवला. मी मुद्दाम शेवटच्या रांगेत, जिथं बाया लेकरं घेऊन बसतात, तिथं जाऊन बसलो. डाव्या हाताचा गुमारा तिथं आला. जमिनीतून मांडीला लागला. एवढ्या लांबून दादाची डावी बाजू मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली.

दहाच्या ठोक्याला साउंड बंद होतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमानं रात्री दहा ते सकाळी सहा भोंगा लावता येत नाही. सणासुदीला वर्षातले काही दिवस सरकार बारापर्यंत सूट देतं, पण आम्ही ती वापरत नाही. सकाळी चारला काकडा असतो, म्हणजे तो आपोआप बिनसाउंडचा झाला. पोरं त्याला येत नाहीत. आम्ही वीस-बावीस म्हातारी माणसं ओट्यावर गुडघ्याला गुडघा लावून बसतो.

दुकानातून काय आणायचं हे मला कुणी विचारलं तर मी सांगतो, आपलं वाद्य बरोबर न्या, लांब उभं राहून ऐका आणि पेटीच्या मागं कुणाचं घर आहे ते आधी बघा. पुतण्याला अजून १८ इंचीची हळहळ आहे. दादा आता ७४ चा आहे आणि काकड्यालाही हळूच वाजवतो. काकड्याला हळू वाजवलं तरी चालतं, हे साठ वर्षांत आमच्यापैकी कुणी त्याला सांगितलं नव्हतं.