आक्काच्या पलंगाचे खूर

ओतूर, ता. जुन्नर

चि. बाळास,


तुझा फोन आला तेव्हा मी बाजारात होतो, नीट बोलणं झालं नाही, म्हणून सविस्तर लिहितो. आक्काच्या पलंगाचे दोन खूर डुगडुगायला लागलेत आणि तो काढून लोखंडी कॉट घ्यावी असं तुझ्या मनात आहे. थोडा थांब. डिंभे धरणाच्या पाण्याखाली आंबेगाव गेलं, तेव्हा तुम्ही घोडेगावला जे सामान हलवलंत त्यात हा पलंग होता. तालुक्याला नाव उरलं, गाव राहिलं नाही. त्या घरातलं सागवान दोन खुरांपायी मोडीत जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. मात्र आक्का रात्री उठताना त्याच पलंगाला धरून उठते, तेव्हा काम पक्कं होणार असेल तरच करू.

आधी गादी आणि फळ्या काढ. डोक्याकडची बाजू धरून पलंग आडवा हलव. खूर आणि लांबीची पट्टी यांच्यामध्ये फट उघडझाप करत असेल, तर दोष सांध्यात आहे. मग प्रत्येक खुराच्या तळाशी टोच्या दाबून बघ. तो सहज आत शिरला, भुसा पडला किंवा मातीची बारीक नळी दिसली, तर ओल आणि वाळवी. दोन्हींवरचे उपाय अगदी वेगळे आहेत. सरसकट नवे खूर बसवले आणि सांधा तसाच ढिला राहिला, तर वर्षभरात तेच दुखणं परत येईल.

वजनानं खूर सहसा जात नाही. उभं लाकूड पुष्कळ भार सोसतं. तो जातो पलंग ओढल्यानं. समज, पट्टीच्या खाली खूर 12 इंच आहे आणि सांध्याची उंची 3 इंच. तळाशी 10 किलोचा आडवा रेटा बसला, की सांध्यावर सुमारे 40 किलोचा ताण येतो. झाडताना रोज पलंग सरकवला की पट्टीच्या टोकाचं कुसू खुराच्या खाचेत हळूहळू सैल होतं. त्यात आपली हवा. पावसाळ्यात लाकूड फुगतं, चैत्र-वैशाखात आकसतं, आणि तेही रुंदीत. लांबीत जवळजवळ नाहीच. खुराचे आणि पट्टीचे रेषे एकमेकांना आडवे, म्हणून प्रत्येक ऋतूत दोन्ही लाकडं सांध्यात एकमेकांशी झगडतात. भीमाशंकरच्या बाजूला पाऊस मुबलक, त्यामुळे तुमच्याकडे हा खेळ अधिक.

सांधा ढिला असेल तर सुताराला तो पूर्ण सोडवायला सांग. जुना सरस खरवडून काढल्याशिवाय नवा फेविकॉल लाकडाला धरत नाही, आणि फेविकॉल मोठी फटही भरून काढत नाही. कुसवाच्या दोन्ही गालांना त्याच लाकडाचा पातळ पापुद्रा चिकटवून, रंधून, हाताच्या जोरानं घट्ट बसेल इतकं जाड करायचं. सांधा बसवल्यावर चारही खुरांभोवती सुती दोर गुंडाळून त्यात दांडकं घालून पीळ द्यायचा आणि पुरता एक दिवस हलवायचं नाही. आतल्या कोपऱ्यात त्रिकोणी ठोकळा, दोन्ही पट्ट्यांना स्क्रूनं जखडलेला. लाकडाच्या कापलेल्या टोकात खिळा ठोकू देऊ नकोस. तिथे पकड नसते आणि लाकूड चिरतं.

तळ कुजला असेल आणि नासाडी चार बोटांच्या आत असेल, तर तेवढाच भाग कापून सागवानाचा तुकडा अर्ध्यावर अर्धा बसवून जोडता येईल. त्याहून वर गेली असेल तर अख्खा खूर नवा. लाकूड मात्र वाळलेलंच घ्यायचं आणि रेषा उभी हवी. तालुक्याच्या पूर्वेकडे बाभूळ सहज मिळते, मजबूतही असते; पण ओली बाभूळ घरात आणल्यावर आकसते आणि पुन्हा सांधा सुटतो. नवा खूर उरलेल्या तीन खुरांच्या मापानं कापायचा. डगमग दिसली की आधी फरशी सपाट आहे का ते बघ. एकेक खूर कापत गेलात तर पलंग बुटका होईल आणि डगमग तशीच राहील.

खुराचं टोक म्हणजे रेष्यांच्या उघड्या नळ्या. फरशी पुसली, जमीन सारवली की पाणी तिथून वर चढतं. म्हणून टोकाला जवसाचं तेल दोन-तीनदा मुरू दे आणि खाली रबरी बूट किंवा दगडाची चकती घाल. आक्काला लेण्याद्रीची आठवण करून दे. गणपतीच्या शेजारच्या सहाव्या लेण्यातले खांब पायऱ्यांच्या बैठकीवर, मोठ्या कुंभातून वर आल्यासारखे कोरलेत. काही अभ्यासक म्हणतात, लाकडी बांधकामात खांबांचा तळ ओल आणि किड्यामुंग्यांपासून वाचवायला तो मडक्यात उभा करत. दगडात त्याचीच नक्कल आली. मला हे पटतं. मातीला टेकलेलं लाकूड आधी तळातून जातं, हे जुन्नरच्या डोंगरात राबणाऱ्या हातांना ठाऊक नसणं शक्य नव्हतं.

काम झाल्यावर लगेच आक्काला झोपवू नकोस. तोवर तिची सोय दुसऱ्या खाटेवर कर. पहिल्यांदा तू स्वतः चारही कोपऱ्यांवर बस, ती जिथे हात टेकून उठते तिथे जोर देऊन बघ, कान लावून आवाज ऐक. पुढे पलंग हलवायचा तर दोघांनी दोन्हीकडून उचलायचा, ओढायचा नाही. ही शिस्त घरातल्या लेकरांनाही लाव. आणि दरवर्षी मृगाच्या आधी सांधे तपास. सुतारानं खूर उघडल्यावर त्याचे फोटो पाठव, मग लाकडाचं ठरवू. आक्काला माझा नमस्कार सांग.

तुझा,
मामा