लुसियाचा पाको

आमच्या आळीत माझ्याच नावाची तीन पोरं. घोटाळा नको म्हणून लोकांनी प्रत्येकाला आईवरून ओळखायचं ठरवलं. माझी आई खानावळीला भाकऱ्या थापून देते, म्हणून मी ‘भाकरीवालीचा’. बारावीपर्यंत त्याचं काही वाटलं नाही. कॉलेजात आलो आणि वाटू लागलं. इथे हजेरीपटावर माझं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं ऐटीत लागलेलं! आणि गेल्या वर्षी गावाकडच्या एका मित्राने कँटीनसमोर मोठ्याने हाक मारली, “ए भाकरीवालीचा!” चारजण हसले. मी ऐकू न आल्यासारखं केलं आणि वाचनालयात शिरलो. मित्र तसाच परत गेला.

त्यानंतर काही दिवसांनी वसतिगृहात खोलीतल्या सोबत्याच्या मोबाईलवर एक गिटार ऐकली. पाऊस पत्र्यावर कोसळावा तसे स्वर. “कोण रे हा?” “पाको दे लुसिया.” नावाचा अर्थ शोधला आणि चकित झालो. ‘लुसियाचा पाको’! त्याचं कागदोपत्री नाव फ्रान्सिस्को सांचेझ गोमेझ. पाको हे तिकडे फ्रान्सिस्कोचं घरगुती रूप. गल्लीत पाको पुष्कळ, म्हणून हा लुसियाचा. हेच नाव त्याने पुढे जगभरच्या रंगमंचांवर मिरवलं.

त्याचा जन्म 1947 मधला, दक्षिण स्पेनमधल्या आल्हेसिरास या बंदरगावातला. वडील रात्री गिटार वाजवून संसाराला हातभार लावीत. घरची ओढगस्त, त्यामुळे अकराव्या वर्षाच्या सुमारास शाळा सुटली आणि दिवसाचे कित्येक तास गिटारीचा रियाज सुरू झाला. फ्लामेंको म्हणजे आंदालुसियाच्या जिप्सींनी आणि गोरगरिबांनी जोपासलेलं गाणं, नाच आणि गिटार. त्यातल्या ‘सोलेआ’ची बारा मात्रांची चाल आपल्या एकतालासारखी वाटते खरी, पण जोर पडतो तिसऱ्या, सहाव्या, आठव्या, दहाव्या आणि बाराव्या मात्रेवर. ही मोजणी पुस्तकात शिकायची नाही, टाळ्यांत वाढूनच अंगात भिनायची.

किशोरवयातच होसे ग्रेको यांच्या नृत्यपथकाबरोबर तो अमेरिकेला गेला. न्यूयॉर्कमध्ये साबिकास या बुजुर्ग वादकाने त्याला सांगितलं, दुसऱ्याचं नको, स्वतःचं वाजव. त्याने ते मनावर घेतलं. पुढे कामारोन या जिप्सी गायकाबरोबर केलेल्या ध्वनिमुद्रिकांनी फ्लामेंकोचा चेहराच बदलला. 1973 मध्ये ‘एन्त्रे दोस आग्वास’ ही रुंबा आली आणि पुढे घरोघर पोहोचली. नावाचा अर्थ, दोन पाण्यांच्या मध्ये. आल्हेसिरास आहेच तशा जागी. एका अंगाला भूमध्य समुद्र, दुसऱ्या अंगाला अटलांटिक.

मित्रहो, कॉलेजात आलेल्या आमच्यासारख्या पोरांचंही असंच नाही का?

पुढे पाकोने बास गिटार, बासरी, सॅक्सोफोन जवळ केले. पेरू देशातली ‘काहोन’ नावाची लाकडी पेटी आणून तिच्यावर ठेका धरला. सोवळ्या रसिकांनी नाकं मुरडली. आज तीच पेटी फ्लामेंकोची घरचीच समजली जाते! 5 डिसेंबर 1980 ला सॅन फ्रान्सिस्कोत अल दि मिओला आणि जॉन मॅक्लॉफ्लिन यांच्याबरोबर त्याची मैफल झाली. मॅक्लॉफ्लिन म्हणजे ‘शक्ती’त आपल्या झाकिर हुसेन यांच्याबरोबर वाजवणारे. जाझचं स्वरशास्त्र पाको कुठे शिकला नव्हता. त्या दोघांकडून मीच शिकत होतो, असं तो मोकळेपणाने सांगे. नोटेशन वाचण्याचंही शिक्षण नव्हतं. तरी 1991 मध्ये होआकिन रोद्रिगो यांची ‘आरान्हुएझ’ ही अवघड रचना त्याने वाद्यवृंदासह वाजवली. स्वतः रोद्रिगो समोर बसले होते.

वर्गात इंग्रजीचा तास सुरू झाला की मी मान खाली घालतो. हे वाचल्यापासून थोडी वर करतो.

1998 मध्ये त्याने एका अल्बमचं नाव ‘लुझिया’ ठेवलं. आईचंच ते. 2014 मध्ये मेक्सिकोत हृदयविकाराने तो गेला. एवढा जग फिरलेला माणूस शेवटपर्यंत ‘लुसियाचा’च राहिला. दूर जायला गाव पुसून टाकावं लागतं, हे मला कोणी शिकवलं होतं? कोणीच नाही. माझं मीच शिकलो होतो.

दिवाळीच्या सुट्टीत आईला ती रुंबा ऐकवली. ती परातीत भाकरी थापत होती. जरा वेळ ऐकून म्हणाली, “हात चांगला बसलाय पोराचा. लई दिवस घासलं असंल त्यानं.” एवढं बोलून तिने भाकरी तव्यावर टाकली.

त्या मित्राच्या घरी मात्र अजून गेलेलो नाही. दोनदा दारापर्यंत जाऊन परतलो. येत्या सुट्टीत जाणार आहे. बाहेरूनच ओरडून सांगेन, “अरे, दार उघड. भाकरीवालीचा आलाय!”