पेन ड्राइव्हमधला रुमाल

पपी लिनक्स पहिल्यांदा चालवून बंद करायला गेलं की ती विचारते, आजचं सत्र जपून ठेवायचं का? नको म्हटलं तर ती खरंच काही ठेवत नाही. बदललेला वॉलपेपर, बसवलेला मराठी फॉन्ट, वाय-फायचा पासवर्ड, अर्धवट लिहिलेलं पत्र, सगळं मेमरीत होतं. मशीन बंद झालं की मेमरी कोरी. पुढच्या वेळी सगळं पुन्हा पहिल्या दिवसासारखं. ठेवायचं म्हटलं तर दुसरा प्रश्न येतो: फाइलमध्ये की फोल्डरमध्ये?

बहुतेक लोक या दुसऱ्या प्रश्नावर जे आधी दिसेल ते दाबतात. मला त्याच्याबद्दलच लिहायचं आहे, कारण आमच्या मोहल्ल्यातल्या एका घराच्या हातात आज जे कागद आहेत, ते त्या दिवशी 'फोल्डर' निवडला म्हणून आहेत.

सोलापुरात आमच्या मोहल्ल्यात एक छोटी अभ्यासिका आहे. एका कचेरीनं मोडीत काढलेले पाच कॉम्प्युटर तिला मिळाले. रॅम २ जीबी, दोघांच्या हार्ड डिस्क मेलेल्या. त्यांवरची जुनी विंडोज सुरू होईपर्यंत मुलांचा एक धडा वाचून व्हायचा. भंगारवाल्याला द्यायचं असंच ठरत होतं. मी म्हटलं, आठवडाभर थांबा.

पपी ही ऑस्ट्रेलियातल्या बॅरी कॉलर यांनी २००३ साली सुरू केलेली सिस्टीम. २०१३ मध्ये ते तिच्या कामातून बाजूला झाले आणि आता हौशी लोकांची मंडळी ती चालवतात. आम्ही घेतली ती फोसापप ९.५, २०२० सालची, उबुंटू २०.०४ च्या पॅकेजांवर बांधलेली. सगळी मिळून ४०० एमबीच्या थोडी वर. पेन ड्राइव्हवरून उठते, स्वतःला रॅममध्ये उतरवून घेते आणि पळायला लागते. हार्ड डिस्क नसली तरी तिचं काही अडत नाही. नावावरून मात्र एका बुजुर्गांनी नाक मुरडलं: कुत्र्याच्या पिल्लाचं नाव कशाला? त्यावर चाचा हसून म्हणाले, असहाब-ए-कहफच्या सोबतही कुत्रा होताच की, आणि तेही झोपेतून उठले तेव्हा त्यांना वाटलं की आपण कालच झोपलो. विषय तिथेच मिटला.

हे चाचा म्हणजे आमच्या गल्लीतले निवृत्त कारकून. आयुष्य रेकॉर्ड रूममध्ये गेलेलं. अभ्यासिकेत पेपर वाचायला यायचे. त्यांच्यामुळेच मला पपीचं काम लोकांना समजावायची भाषा सापडली.

गोष्ट अशी आहे. पपीची मूळ सिस्टीम एका घट्ट दाबलेल्या फाइलमध्ये असते. ती फक्त वाचता येते. तिच्यात कोणी काही लिहू शकत नाही. तिच्यावर एक रिकामा थर अंथरलेला असतो. तुम्ही जे काही करता ते या वरच्या थरावर उमटतं, आणि दोन्ही थर एकावर एक ठेवून वरून पाहिलं की जे दिसतं, ती तुमची सिस्टीम. एखादी मूळ फाइल तुम्ही पुसली, तर ती खालून जात नाही. वरच्या थरावर तिच्या नावाची एक छोटी खूण पडते, की ही आता दाखवू नका. फोसापपमध्ये या खुणेची सुरुवात टिंब, डब्ल्यू, एच अशी असते. म्हणजे पुसल्याचीसुद्धा नोंद राहते. सत्र जपून ठेवणं म्हणजे हा वरचा थर कुठेतरी उतरवून ठेवणं, एवढंच.

हे ऐकून चाचा म्हणाले, "म्हणजे रुमाल." जुन्या दफ्तरांत कागदांचे गठ्ठे कापडात बांधून ठेवत, त्याला रुमाल म्हणत. मूळ कायद्याची पुस्तकं कपाटात तशीच राहतात, आपलं प्रकरण रुमालात. त्या दिवसापासून अभ्यासिकेत 'सेव्ह केलं का' ऐवजी 'रुमाल बांधला का' असं विचारलं जायला लागलं. पोरं अजूनही तसंच विचारतात.

आता फाइल की फोल्डर. सेव्ह फाइल म्हणजे ठरावीक मापाची पेटी. आधीच सांगायचं, ५१२ एमबी की १ जीबी. ब्राउझरनं साठवलेल्या कचऱ्यानं ती भरली की मोठी करत बसा. पेन ड्राइव्ह दुकानातून येतो तसा फॅट३२ असेल तर पेटी ४ जीबीच्या पुढे जातच नाही. मोठी भीती वेगळीच आहे. या पेटीच्या आत एक अख्खी फाइल सिस्टीम असते, आणि बाहेरून ती एकच फाइल दिसते. ती बिघडली, तर आतली पानं सुटी काढणं हे जाणकाराचं काम होऊन बसतं. सेव्ह फोल्डर म्हणजे साधा फोल्डर. त्याला माप नाही, पार्टिशनमध्ये जेवढी जागा तेवढा वाढतो. उघडून आत पाहता येतं, एकेक फाइल उचलता येते. अट एकच: तो एक्स्ट४ सारख्या लिनक्सच्या पार्टिशनवर हवा, कारण फाइलींचे मालक, परवानग्या आणि दुवे फॅट३२ ला सांभाळता येत नाहीत. म्हणून मी पेन ड्राइव्हचे जीपार्टेडमध्ये दोन भाग केले. पहिला छोटा, उठण्यासाठी. दुसरा एक्स्ट४, रुमालांसाठी.

फोल्डरचा एक तोटाही आहे आणि तो झाकण्यात अर्थ नाही. सेव्ह फाइलला बऱ्याच पपींमध्ये पासवर्डचं कुलूप घालता येतं. फोल्डर उघडा. पेन ड्राइव्ह ज्याच्या हाती पडला, त्याला सगळं वाचता येतं.

म्हणून अभ्यासिकेच्या मशीनवर आम्ही उलटं केलं. तिथे आयाबाया मुलांच्या स्कॉलरशिपचे फॉर्म भरायला येतात. आधार कार्डाचे फोटो, पासबुकाचं पहिलं पान, उत्पन्नाचा दाखला, सगळं डाउनलोड्समध्ये पडतं. ते पुढच्या पोराला दिसावं का? फॉन्ट, इनस्क्रिप्ट कीबोर्ड आणि प्रिंटर एकदा नीट बसवून रुमाल बांधला. त्यानंतर दर अर्ध्या तासानं आपोआप सेव्ह व्हायचं असतं, ती वेळ इव्हेंट मॅनेजरमध्ये शून्य केली, आणि बंद करताना विचारलं तर 'नको' म्हणायला सगळ्यांना शिकवलं. पेन ड्राइव्हवरून चालताना पपी बदल आधी रॅममध्येच धरून ठेवते, म्हणून हे जमतं. हार्ड डिस्कवरच्या फोल्डरमध्ये बदल थेट लिहिले जातात; तिथे 'नको' म्हणायची सवलत हवी असेल तर उठतानाच्या ओळीत पीमीडिया=युएसबीफ्लॅश असं घालून तिला सांगावं लागतं की समज, तू पेन ड्राइव्हवरच आहेस. जिथं दहा हात फिरतात तिथं मशीननं विसरावं, हे माझं ठाम मत आहे.

चाचांचं तसं नव्हतं. त्यांना लक्षात राहणारं मशीन हवं होतं. मोहल्ल्यातली कुटुंबं विणकामासाठी कुठून कुठून आली, कोण कोणाच्या माडीत भाड्यानं उतरलं, कोणाचे माग होते, कोणाचा शजरा कुठं तुटतो, हे सगळं त्यांनी वह्यांत टिपलेलं होतं. ते टाइप करायचं होतं. त्यांच्यासाठी वेगळा पेन ड्राइव्ह केला. पहिल्या दिवशी बंद करताना फोल्डर निवडला, आणि पपीनं नावापुढे काही जोडायचं का विचारलं तेव्हा त्यांनी 'रुमाल' लिहिलं. दोनेक वर्षं ते कुडत्याच्या खिशात पेन ड्राइव्ह घालून यायचे. लाईट कधी जाईल याचा भरवसा नाही, म्हणून प्रत्येक पान झालं की डेस्कटॉपवरचं सेव्हचं चिन्ह दाबायचे आणि मोठ्यानं म्हणायचे, "बांधला." मुलं खुसुखुसु हसायची.

मागच्या पावसाळ्यात चाचांचा इंतकाल झाला.

चाळिसाव्यानंतर त्यांची मुलगी, आमची बाजी, अभ्यासिकेत आली. हातात तो पेन ड्राइव्ह. म्हणाली, "भाई, यात काही उरलं नाही का?" तिच्या मुलानं तो घरच्या लॅपटॉपला लावून पाहिला होता. एका भागात चार-दोन अनोळखी नावांच्या फाइली दिसल्या, आणि दुसरा भाग उघडायच्या आधी फॉरमॅट करावा लागेल असा संदेश आला. पोरानं 'हो' दाबायला बोट उचललं होतं. बाजी म्हणाली, "अब्बांच्या वस्तूला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही," आणि तिनं पेन ड्राइव्ह काढून घेतला.

तो संदेश पाहून घाबरलेले लोक मी आधीही पाहिलेत. विंडोजला एक्स्ट४ आपणहून वाचता येत नाही. जे वाचता येत नाही ते तिला रिकामं वाटतं, आणि ती मदतीच्या सुरात पुसायची परवानगी मागते. लिनक्सचा पेन ड्राइव्ह घरात असेल तर त्यावर एक चिठ्ठी चिकटवून ठेवा: फॉरमॅट विचारलं तर 'नाही'. घरातल्या सगळ्यांना तोंडीही सांगून ठेवा. आपण नेहमी जवळ असूच असं नाही.

मी अभ्यासिकेच्या पेन ड्राइव्हवरून मशीन उठवलं, पीफिक्स=रॅम घालून, म्हणजे कुठलाच रुमाल न उघडता. मग चाचांचा पेन ड्राइव्ह बाजूला लावला आणि फाइल मॅनेजरमध्ये तो फोल्डर उघडला. बाजी शेजारी खुर्ची ओढून बसली.

सगळा मिळून ३०० एमबीसुद्धा नव्हता. मला हे माहीत होतं, तरी समोर पाहताना वेगळं वाटलं. या फोल्डरमध्ये मूळ सिस्टीममधलं काहीच नसतं. जे चाचांनी बदललं, तेवढंच असतं. फॉन्टचा आकार मोठा केलेली एक छोटी फाइल. शाळेच्या भिंतीचा फोटो वॉलपेपर म्हणून. एका जागी टिंब-डब्ल्यू-एचवाल्या पाच-सहा खुणा होत्या. कसल्या म्हणून पाहिलं तर मेनूतले सगळे खेळ. बाजीला हसू फुटलं: "नातवंडं बसली की उठत नाहीत म्हणून काढले असणार." आणि त्यांच्या डॉक्युमेंट्समध्ये मोहल्ल्याची नोंद, गल्लीवार. शेवटच्या फाइलची तारीख ते दवाखान्यात दाखल झाले त्याच्या आदल्या दिवशीची होती.

ब्राउझरचाही फोल्डर होता. त्यात त्यांचे पासवर्ड, काय काय शोधलं त्याची यादी असणार. एक फोल्डर 'खासगी' नावाचा होता. मी दोन्ही उघडले नाहीत. बाजीला सांगितलं, इथपर्यंत माझं काम, पुढचं घरच्यांनी ठरवायचं. ती बराच वेळ त्या नावाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, भावाला विचारून बघू. उघड्या फोल्डरची ही जबाबदारी मोठी आहे. कुलूप नसतं तेव्हा ते आपल्या हाताला लावावं लागतं.

नोंदीतही सगळंच सगळ्यांसाठी नव्हतं. कोणाचं कर्ज, कोणाचा मोडलेला निकाह, कोणी माग कसे विकले. चाचा रेकॉर्ड रूमचा माणूस. त्यांनी लिहून ठेवलं, पण कोणाला कधी वाचून दाखवलं नाही. काही जण आता पुस्तक छापा म्हणतायत. बाजीचं म्हणणं, आधी ज्या-त्या घराला त्याचं पान दाखवायचं, मग पाहू. मला ते पटतं, त्याला वर्ष लागलं तरी.

नक्कल करताना एक काळजी घेतली. वाचायच्या फाइली साध्या पेन ड्राइव्हवर उतरवून मुलाला दिल्या, त्या कुठेही उघडतात. अख्खा फोल्डर मात्र एक्स्ट४ केलेल्या दुसऱ्या डिस्कवर नेला, कारण फॅट३२ वर टाकला असता तर त्याचे दुवे आणि परवानग्या गेल्या असत्या आणि तो परत रुमाल म्हणून चालला नसता. चाचांचा मूळ पेन ड्राइव्ह बाजीच्या कपाटात आहे. नवीन पेन ड्राइव्हवर दोन फोल्डर आहेत, एक चाचांच्या रुमालाची नक्कल आणि एक तिचा स्वतःचा, कोरा. दोन दिसले की पपी उठताना विचारते, कुठला घेऊ. शून्य दाबलं तर कुठलाच नाही.

बाजी सध्या चाचांचाच घेते. जुहरनंतर तासभर येते, मोठ्या अक्षरांत टाइप करते. वह्या अजून दोन राहिल्या आहेत, आणि त्यातली एक मोडीत आहे, जी आमच्यापैकी कोणालाच वाचता येत नाही.